आखूड पडलेली ताडपत्री

गावातले लोक त्या सुताराला 'थांबा-बघू' म्हणत. घरामागे फळ्यांचा ओटा, म्हणजे हल्लीच्या भाषेत डेक, बांधायचा आहे, कुठलं लाकूड घेऊ, असं कुणी विचारलं की तो आधी हे दोन शब्द बोलायचा आणि गिऱ्हाइकाला थेट आपल्या गच्चीवर न्यायचा.

गच्चीवर सहा जातींच्या सहा फळ्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर नंबर, शेजारी मांडल्याची तारीख. तिथलं हवामान भारी लहरी. उन्हाळ्यात फळीवर अनवाणी पाय ठेववत नसे, पाऊस लागला की महिना महिना उघडत नसे आणि थंडीत बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरायचा. दुकानदार सगळ्याच लाकडांना चांगलं म्हणणार, तेव्हा फळ्यांनाच बोलू द्यावं, हा त्याचा हिशेब. पाच वर्षं त्याने त्यांना पुसलं नाही की तेल लावलं नाही. तीन नंबरची पाइनची फळी दुसऱ्या वर्षापासूनच सगळ्यांत सरस ठरत आली. मधाचा रंग तसाच, एक चीर नाही. सहा नंबर मात्र सपशेल नापास. भट्टीत तापवून काढलेलं लाकूड ते, पण राखेसारखं करडं पडलं आणि वरून बारीक तडकलं. तीन नंबरच्या भरवशावर त्याने नऊ घरी डेक बांधले.

दहावा डेक त्याच्या थोरल्या बहिणीचा होता. ताईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून बागेत उतरायला तीन पायऱ्या, आणि पुन्हा पडलात तर अंथरूण सुटणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दाराच्या उंबऱ्याला लागून सपाट डेक घातला की ती वॉकर घेऊन बाहेर येणार होती. आठ महिने तिने बाग खिडकीतूनच पाहिली होती.

सांगाडा उभा राहिला, फळ्या येऊन पडल्या. ताई दारात खुर्ची टाकून बसली होती. सुताराची बायको चहा घेऊन आली.

"हे टिकेल ना रे? नाहीतर एक दिवस मी खाली आणि तू वर."

"ताई, पाच पावसाळे उघड्यावर काढलेत या लाकडाने. माझ्या डोळ्यांसमोर."

"तुमच्या कसले डोळ्यांसमोर," बायको कप पुढे करत म्हणाली. "पावसाळ्यात तुम्ही कुठे असता घरी? मी झाकत होते म्हणून राहिल्या तशा."

तिचं खरं होतं. पावसाचे चार महिने बाहेरची कामं बंद, म्हणून तो दरवर्षी दुसऱ्या गावी फर्निचरच्या कारखान्यात जायचा आणि आभाळ उघडल्यावर परतायचा.

"काय झाकत होतीस?"

"फळ्या. पहिला थेंब पडला की ताडपत्री टाकायची, तुम्ही यायच्या आधी काढायची. एवढे नंबर घालून, तारखा टाकून जपलेल्या वस्तू, आणि भिजू द्यायच्या? मला वाटलं, गडबडीत सांगायचं विसरलात."

सुताराने कप खाली ठेवला. रागावायचंही त्याला सुचलं नाही. पाच वर्षांत त्या फळ्यांनी ऊन पाहिलं होतं, थंडी पाहिली होती. पाऊस एकदाही पाहिला नव्हता. आणि नऊ घरची माणसं रोज तसल्याच फळ्यांवर उभी राहत होती.

लाकडात भोक पाडायचा अणकुचीदार टोचा खिशात घालून तो निघाला. पहिला डेक दातांच्या डॉक्टरांकडे, तीन वर्षांपूर्वीचा. छपराखालचा भाग ठणठणीत होता. उघड्या कडेला, स्क्रूजवळ, त्याने टोचा टेकवला. जोर लावावा लागला नाही. टोचा मुठीपर्यंत आत गेला.

डॉक्टर मागे उभे होते. "कीड खोल आहे वाटतं," ते म्हणाले. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पाहून त्यांनी पुढचा विनोद गिळला.

"कुणाला या कडेला उभं राहू देऊ नका, डॉक्टर. चूक माझी आहे. मी सगळं बदलून देतो."

घरी येऊन तो गच्चीवर गेला. बायको जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. रडून झालेलं दिसत होतं. त्याने ओळीत एकेक फळी टोचून पाहिली. सगळ्या टणक. का नसतील? सहाव्या फळीपाशी तो थांबला.

"हिलाही झाकायचीस?"

"नाही. ताडपत्री आखूड पडायची, ही एकटी बाहेर राहायची." ती पुढे आली. "तशीही ती तुम्हाला आवडत नव्हती."

तो फळीपाशी बसला. मग त्याने टोचा त्या करड्या फळीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला. फळीत टोक रुतलं नाही. कडेला दाबला, चिरेत दाबला, उलटी करून पाठीवर दाबला. पाच पावसाळे खरोखर काढलेली तीच एक होती, आणि तीन वर्षं तो गिऱ्हाइकांना तिच्याकडे बोट दाखवून सांगत होता, की असलं लाकूड घेऊ नका.

मधाच्या रंगाच्या फळ्या ताईच्या अंगणातून परत गेल्या. तीन आठवड्यांनी तिचा डेक सहा नंबरच्या लाकडाचा झाला. उरलेल्या आठ घरी जाऊन त्याने आपल्या तोंडाने सगळं सांगितलं. दोघांनी दार लावून घेतलं. बाकीच्यांची दुरुस्ती सुरू झाली.

"रंग काय रे हा," ताई उंबऱ्यावर वॉकर धरून म्हणाली.

"रंग बघू नकोस. पाय टाक."

तिने पाय टाकला, मग दुसरा. कडेपर्यंत गेली आणि बागेकडे तोंड करून उभी राहिली. तेवढ्यात चार थेंब पडले. सुताराची बायको दोन पावलं पुढे धावली, तिथेच थबकली आणि हात पदरात गुंडाळून डेक भिजताना पाहत राहिली.