म्हातारीचा उपास

प्राणिसंग्रहालयात सगळे तिला अस्वलमावशी म्हणत. तिचं म्हणणं, सिंहाच्या पिंजऱ्यावरच्या माणसाला कोणी सिंहमामा म्हणत नाही, मग मीच काय घोडं मारलंय? पण हाक आली की ओ द्यायचीच.

तिचं अस्वल पांढरं, बर्फातलं आणि म्हातारं. मोकळ्यावर ही जात पंचविशीच्या पुढे क्वचितच जाते. बर्फ वितळतो, सील हाती लागत नाहीत, दात झिजतात, की संपलं. ही मात्र आयती मासळी खात तिशी ओलांडून बसली होती. मावशी निवृत्तीनंतरही कामावर होती ती तिच्याच जिवावर. म्हातारी दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाही, म्हणून साहेबांनी मावशीला ठेवून घेतलं होतं. हे त्यांना मावशीनंच सांगितलं होतं आणि सांगता सांगता तिचाही त्यावर विश्वास बसला होता. नवरा गेलेला, मुलगा दूरदेशी रमलेला. दोन खोल्यांच्या घरात तिची वाट बघायला दारावरचं कुलूप तेवढं.

धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून ती आठवडाभर गेली. जाताना सिंहवाल्याला दहादा बजावलं, "मोठे काटे काढून दे. आणि खाताना समोर उभा राहू नकोस, तिला लाज वाटते."

"अस्वलाला लाज?"

"तुला नाही कळायचं."

बहीण तिला सोडायलाच तयार नव्हती. "इथेच राहा की आता. एक खोली रिकामी पडलीय. तिकडे तुझं आहे कोण?"

"ती उपाशी राहील गं."

"अगं, बर्फावर कोण भरवतं त्यांना?"

मावशीनं डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली उचलली. "वर बघ," म्हणाली.

परतली तेव्हा सिंहवाला चेहरा पाडून फाटकातच उभा. "मावशी, आठवडाभर तिनं तोंड लावलं नाही बघा. बादली तशीच परत."

"आणि डॉक्टर?"

"म्हणाले, ही जात अंगच्या चरबीवर महिनोन्महिने काढते, घाबरू नका. साहेब म्हणाले, मावशींना आता सोडून चालायचं नाही."

मावशीचं काळीज सुपाएवढं झालं. "लबाड कुठली," एवढंच ती म्हणाली.

म्हातारीला आतल्या खोलीत कोंडून ती फावडं घेऊन पिंजऱ्यात उतरली. मागच्या कोपऱ्यात घाण पडली होती, चांगली ढीगभर, ताजी. तिनं सवयीनं फावड्याच्या टोकानं ती फोडून पाहिली. आत खवले चकाकत होते. मासळीबरोबर दिलेल्या गाजराचे तुकडे होते. आणि काटे, मोठाले, न काढलेले. उपाशी जनावराच्या पोटातून काय पडतं नि काय नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. म्हातारीनं पोटभर हादडलं होतं. काट्यांसकट.

जाळीपलीकडे सिंहवाला नळाशी उगाच खटपट करत होता. तिच्याकडे बघत नव्हता.

"अरे," ती म्हणाली, "साहेब फेरीला कधी येतात?"

"येतीलच आता." त्यानं घसा खाकरला. "रोजचं रोज मी धूत होतो, मावशी. तो कोपरा तेवढा राहिला."

तिनं तो ढीग फावड्यानं उचलून टाकला. मग म्हणाली, "पाइप दे इकडे."

साहेब आले तेव्हा फरशी लख्ख होती आणि म्हातारी मासा कराकरा चावत होती.

"बघा," साहेब म्हणाले, "माणूस बरोबर ओळखते."

"हो ना," मावशी म्हणाली.

बादली संपली. म्हातारीनं गजांतून नाक काढून तिचा हात हुंगला. रिकामा आहे म्हटल्यावर पाठ फिरवली आणि पाण्यात उतरली.

दुपारी बहिणीचा फोन आला. "पोचलीस? खाल्लं का तुझ्या लेकीनं?"

"आत्ता कुठे. आठवडाभर उपास होता तिचा."

"खरंच की काय? मला वाटलं, तू आपलं उगाच म्हणतेस. मग मी ट्रंका ठेवू त्या रिकाम्या खोलीत?"

पाण्यातली म्हातारी आता उताणी होऊन, पाय वर करून निवांत तरंगत होती.

"ठेव," मावशी म्हणाली.