गोजरबाईच्या हातचे डिंकाचे लाडू

दुसरबीडात कोणाकडे पाळणा हलला, की पहिला निरोप गोजरबाईला जायचा. धावड्याचा डिंक ती तुपात असा फुलवायची की दाताला चिकटायचं नाव नको. वर कुटलेली खारीक, भाजलेलं खोबरं, खसखस, मूठभर गोडंबी. गुळाचा पाक चटके देत असतानाच लाडू वळायचे, हात पोळले तरी बेहत्तर. पंधरा दिवसांत बाळंतीण उठून कामाला लागलीच म्हणून समजा!

पण लाडू पोचवले की बाईनं मागच्या दारातूनच परतायचं. विधवा, त्यात पोटी लेकरू नाही. तिची नजर बाळंतिणीला लागेल म्हणे. बघा आता, हात चालतो पण तोंड चालत नाही! कमाल अशी, की गोजरबाईलाही ते खरंच वाटायचं.

जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत कोकिळा बाळंत झाली. कोकिळा म्हणजे गोजरबाईच्या भावाची पोर. भाऊ-भावजय पटकीत गेले, तेव्हापासून हिनंच तिला लहानाची मोठी केलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सुलतानपूरच्या सासरकडच्यांनी पोरीला धाडलंच नाही. बहाणे शंभर, कारण एकच. इकडे घर गोजरबाईला खायला उठायचं. एका भाकरीसाठी चूल पेटवायचाही तिला कंटाळा यायचा.

या खेपेला मात्र तिनं मनाशी ठरवलं, आपल्या कोकिळेचं बाळ डोळे भरून पाहायचंच. लाडवांचा डबा मांडीवर घेऊन ती शेजारच्या पुंजाजीच्या बैलगाडीत बसली.

"कोकिळेले पाहू द्या, विहीणबाई. उंबऱ्यातूनच पाहीन."

कोकिळेची सासू सत्यभामाबाई काही कजाग नव्हती. तिनं ओसरीवर घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "रागावू नका बाई. मागच्या साली पोट पडलं तिचं. मले लई भेव वाटते." डबा घेऊन ती आत गेली.

गोजरबाई घोंगडीवरच बसून राहिली. आत लेकरू खणखणीत रडलं, तसे तिचे हात आपसूक पुढं झाले. तिनं ते पदराखाली दडवले.

थोड्या वेळानं कोकिळेचा आवाज आला, सासूला विचारत होती. "मामी, आत्या आली काय हो? हे तं तिच्याच हातचे लाडू!"

सासू म्हणाली, "नाही वं. पुंजाजीच्या हाती धाडले."

"काऊन नाही आली? साऱ्या गावाच्या बाळंतिणीसाठी पयते. माह्यासाठीच येऊ नाही वाटलं तिले?" पोर हुंदके देऊन रडायला लागली.

एक शब्द पुरे होता. 'आली वं माय!' गोजरबाईच्या अगदी ओठांवर आला होता. पण लेकराला काही झालं तर? जन्मभर लोकांनी घातलेलं भेव ऐन वेळी तिच्याच उरावर बसलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पावलं न वाजवता अंगण ओलांडलं.

पुंजाजी बैलांना जुंपत होता. "पाह्यलं काय बाळ, बाई?"

"हाव," गोजरबाई म्हणाली. "नाकडोळे आमच्या दादासारखे हायेत."