अर्जातलं ऊन

खानदेशातले सुपडूनाना सुरतेच्या उधन्यात, कापडाच्या कारखान्यात लूम चालवतात. चोवीस वर्षं रातपाळी. ती त्यांनी स्वतः मागून घेतली होती, कारण रात्री मुकादम झोपतो. दिवसा नाना झोपायचे, खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवून. आमच्यात तीस वर्षांचं अंतर आहे. तरी मी त्यांचा मित्र. मी मराठीत एम. ए. केल्यापासून ते मला 'एम्ये' म्हणतात.

यंदा मार्चअखेर त्यांना फ्लू झाला आणि छातीत उतरला. नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. घरी सोडताना डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला. व्हिटॅमिन डी सात. हवं तीस.

"गणितमा बी सातच व्हतात," नाना म्हणाले.

मी विचारलं, त्यामुळेच आजार इतका वाढला का?

डॉक्टर मराठी होते आणि सरळ बोलणारे. "डी कमी असलेल्यांना असा आजार जड जातो, असं दिसतं. पण डी कमी म्हणून आजार वाढला, की आजारात डी घटलं, हे ठाम सांगता येत नाही. आजार बळावल्यावर डी देऊन फार फरक पडतो, असंही दिसलेलं नाही."

"म्हंजे डी साक्षीदार शे," नाना म्हणाले. "चोर नही."

डॉक्टर हसले. "पण सात फारच कमी. गोळ्या घ्या. रोज थोडं ऊन घ्या, हातपाय उघडे ठेवून. आणि रातपाळी सोडा."

घरी सरलाबाईंनी नवऱ्याला बजावलं, "दिनपाळी नही भेटनी तर चला गावले." नुसतं बोलून थांबल्या नाहीत. पेटी भरायला घेतली. गावी नानांना काम नव्हतं. त्यांना लूमशिवाय दुसरं काही येतही नव्हतं.

"एम्ये, अर्ज लिख," नाना म्हणाले.

कारखान्याचे सेठ गुजराती. मी गुजरातीत लिहिलं : 'रातपाळीमां तकलीफ थाय छे. डॉक्टरे ऊन लेवानुं कह्युं छे. सगवड करी आपवा विनंती.' दिनपाळी हा शब्द मुद्दाम टाळला. थेट मागणं मला बरं दिसेना. नानांना वाचून दाखवलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झकास."

दुसऱ्या दिवशी सेठनं सगवड केली. नाना घरी आले ते कागदाची पिशवी घेऊन. आत लोकरीचा स्वेटर होता. जाड, तपकिरी, उंच गळ्याचा. महिना एप्रिल.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुजरातीत ऊन म्हणजे लोकर. उन्हाला तडको. जन्म सुरतेत, आणि मी हे लिहिलं.

सरलाबाईंनी स्वेटर पाहिला. पेटीत पितळी तांब्या ठेवला.

सकाळी अकराला नाना कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन बसले. अंगात स्वेटर. बाह्या कोपरापर्यंत वर, लेंगा गुडघ्यापर्यंत. घाम नाकावरून ठिबकत होता. मी छत्री घेऊन धावलो.

"छत्री मिट," ते म्हणाले. "डी अडस."

सेठची गाडी आली. काच खाली झाली.

"सुपडू, आ शुं?"

"सेठ, आपका ऊन पहना है. और अपना ऊन ले रहा हूँ."

"एटले?"

"मराठी में धूप को ऊन बोलते हैं, सेठ."

फाटकावरचे कामगार हसू दाबत उभे होते. सेठ स्वेटरकडे बघत राहिले. मग तेही हसले.

"तो दिनपाळी मागवी जोईए ने."

"स्वेटर इतना अच्छा था. मुँह नहीं खुला."

"काढ पहेलां ए. सोमवारथी सवारे आव."

परत येताना स्वेटर माझ्या हातात होता, ओला आणि जड. मी म्हणालो, "नाना, चूक माझी. तडको लिहायला हवं होतं."

"माले तू वाचतानाच समजनं व्हतं."

मी थांबलो. "मग बोलला का नाहीत?"

"तू तडको लिखता, तर सेठ म्हनता, गच्चीवर जाईसन बस, रातले कामले ये."

घरी सरलाबाईंनी पेटीतून तांब्या बाहेर काढला आणि आम्हा दोघांना पाणी दिलं.