डाव्या बाजूचे गोल

मी हे लिहायला बसलोय याची आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडिलांचं लिहिणं रेशनच्या पावतीवरच्या सहीपुरतं, आणि आई दुकानांच्या पाट्या अक्षरं जुळवून वाचते. अशा घरातल्या मुलानं स्वतःबद्दल लिहायला घेतलं की त्याला आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटत राहतं. शिवाय लोकांनी वाचावं म्हणून मी याआधी जे लिहिलं ते एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, आणि त्यातलं एक वाक्य मला अजून परत घ्यावंसं वाटतं. ते आता घेता येणार नाही. सगळ्यांनी वाचलं होतं.

तो ग्रुप आमच्या कॉलेजच्या हॉकी टीमचा होता. टीमचा म्हणजे टीम बघणाऱ्यांचा. मी निलंगा तालुक्यातल्या गावाहून नांदेडला आलो तेव्हा हॉकीची काठी मी हातात कधी घेतली नव्हती. आमच्याकडं क्रिकेट आणि कबड्डी. नांदेडात मात्र हॉकीचं वेड असलेली माणसं आहेत. दुकान नोकराच्या हवाली करून दुपारी तीनला मैदानावर येऊन बसणारी. आमच्या मैदानाच्या एका टोकाला, गोलाच्या मागं, कमरेइतकी सिमेंटची भिंत आहे. ही माणसं त्या भिंतीवर बसत आणि स्वतःला ‘भिंत’च म्हणवून घेत.

भिंतीचा एक रिवाज होता. मॅच संपली की कुणी लगेच घरी जायचं नाही. सगळ्यांनी बोलून घ्यायचं, कोण चुकलं, कुठं चुकलं, आणि शेवटी सर्वांना पटलेल्या चार-पाच ओळी ग्रुपवर टाकायच्या. त्याला ‘भिंतीचं म्हणणं’ म्हणायचे. खेळाडू हॉस्टेलवर ते पहिलं वाचत, आंघोळही त्यानंतर करत. मी बी.ए.ला मराठी घेतलंय हे कळल्यावर ते काम माझ्याकडं आलं. “तू मराठीवाला ना? मग लिही,” एवढीच माझी नेमणूक. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. गावाकडं फोनवर मी सांगितलंसुद्धा, मला इथं लिहायला देतात म्हणून.

टीमचा गोलकीपर माझ्याच खोलीत राहायचा. उदगीरच्या बाजूचा, माझ्यापेक्षा एका वर्षानं पुढं. आदल्या वर्षी टीम अंतिम सामन्यापर्यंत गेली ती त्याच्यामुळं, असं सगळे म्हणत. यंदा तो विद्यापीठाच्या संघात जाणार हे भिंतीनं ठरवूनच टाकलं होतं. त्याच्या आईनंही ठरवलं असावं. ती दर रविवारी फोन करायची आणि माझ्याशीही बोलायची. “त्याला दूध प्यायला सांग बाळा, माजं ऐकत न्हाई.”

गणपती उठल्यावर सामने सुरू झाले. पहिला आम्ही तीन-एक हरलो.

“सुरुवात हाय,” भिंतीवर कुणीतरी म्हणालं. “गाडी गरम व्हायला टाइम लागतो.”

दुसरा चार-शून्य हरलो. त्या दिवशी गाडीचं नाव कुणी काढलं नाही. भिंतीवरचे सगळ्यात मोठे म्हणजे सरदारजी चाचा. त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि तरुणपणी ते स्वतः लेफ्ट हाफला खेळलेले. ते फार बोलत नसत. त्या दिवशी मात्र बोटांवर मोजत म्हणाले, “दो मॅच में सात गोल. सात में से छह बायीं तरफ से. किसी ने देखा क्या?”

“लेका झोपून राहिला डाव्या बाजूला,” तिसऱ्या वर्षाचा एक जण म्हणाला. तो त्याच्या गल्लीच्या मंडळात ताशा वाजवायचा, म्हणून त्याला आम्ही ताशेवालाच म्हणायचो. “सरावात वाघ असतो. परवा मी बघितलं, एक चेंडू आत जाऊ देईना. मॅचला काय होतं त्याला?”

“हवा गेली डोक्यात.”

“पोरगी असंल.”

“हॉकीवाल्याला कोण पोरगी देतंय?” ताशेवाला म्हणाला, आणि सगळे हसले. चाचा हसले नाहीत. ते रिकाम्या गोलाकडं बघत होते.

दोन दिवसांनी मी खोलीत चहा आणला. तो खाटेवर बसून बुटाची नाडी बांधत होता. मी त्याच्या डावीकडून कप पुढं केला आणि धरून राहिलो. त्यानं घेतला नाही. मला वाटलं रागावलाय, कारण ग्रुपवरचं ‘गोलकीपरनं जागं व्हावं’ हे वाक्य माझंच होतं. मग त्यानं मान वळवली, कप एकदम समोर दिसल्यासारखा दचकला आणि अर्धा चहा माझ्या हातावर सांडला.

“कवाचा उभा हायस?”

“मघापासून.”

तो उठला आणि दार लावून आला. श्रावणात सरावाच्या वेळी हेल्मेट न घालता उभा असताना चेंडू कपाळाच्या कडेला लागला होता, हे मला माहीत होतं. सूज उतरली तेव्हा सगळे विसरले. त्यानं सांगितलं की त्यानंतर आठ दिवसांनी डाव्या डोळ्यात ठिणग्यांसारखं चमकायला लागलं, आणि मग डाव्या कडेनं काळं काहीतरी आत येऊन राहिलं. “पडद्यासारखं. रोज थोडं थोडं सरकून राहिलंय.”

मी म्हणालो, दवाखान्यात चल. आत्ता चल.

“लातूरला विद्यापीठाच्या संघाची निवड हाय, ती होऊ दे. आत्ता गेलो तर डॉक्टर खेळू देणार न्हाई, कोच सर यादीतून नाव काढतील. दिवाळीच्या आत चाचणी हाय. त्याच्या दुसऱ्या दिवशी जातो.”

“मग आता चेंडू दिसतो कसा?”

“डावीकडचा न्हाई दिसत. ऐकतो.” तो थोडा हसला. “काठीचा चेंडूला आवाज येतो ना, त्यावरून कळतं कुठून आला, किती जोरात. मैदान शांत असलं की भागतं.”

मग त्यानं माझा हात, तोच चहानं भाजलेला, धरून कुणाला सांगायचं नाही म्हणून आईची शपथ घातली. त्याच्या आईची. जी मला रविवारी बाळा म्हणायची तिची. मी हो म्हणालो. मला तेव्हा असं वाटलं की मैत्री म्हणजे हेच असतं. शहरात येऊन मला कुणी एवढं जवळचं मानलं याचा, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला.

तिसऱ्या सामन्याला ताशेवाला ताशा घेऊन आला.

टीमला जोर पाहिजे, असं भिंतीचं मत पडलं होतं. पोरं खचलीत, आपण गप्प बसून बघतो, मग त्यांना बळ कसं येणार? त्यानं गळ्यात ताशा अडकवला, दोन बारक्या काड्या काढल्या आणि गोलाच्या अगदी मागं, भिंतीवर, सुरू केलं. ताशाचा आवाज कसा असतो ते ज्यानं मिरवणुकीत जवळून ऐकलंय त्याला सांगायला नको. शेजारचा माणूस बोलतो आणि फक्त ओठ हलताना दिसतात.

मी गोलकीपरकडं बघितलं. त्यानं एकदाच मागं वळून बघितलं, भिंतीकडं, ताशाकडं, आणि मग माझ्याकडं. हेल्मेटच्या जाळीतून तोंड नीट दिसत नव्हतं. पण तो बघत होता.

मी ताशेवाल्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, “बंद कर ना थोडा वेळ.”

“का?”

“त्रास होतो.”

“कुणाला? तुला? तू काय खेळून राहिला का बे?”

शेजारचे हसले. मीही हसलो, काय करणार. पुढच्या दहा मिनिटांत डावीकडून दोन गोल झाले. दुसऱ्या गोलाला तो हललासुद्धा नाही. चेंडू जाळीत गेल्यावर मग त्यानं पाय टाकला. भिंतीवरून शिव्या सुरू झाल्या आणि त्याबरोबर ताशा आणखी जोरात, कारण टीम मागं पडली की वाजवणाऱ्यानं थांबायचं नाही, असं ताशेवाल्याचं म्हणणं होतं. तो मनापासून वाजवत होता. त्याच्या कपाळावरचा घाम मला अजून दिसतो.

हरल्यावर भिंतीचं म्हणणं ठरायला वेळ लागला नाही. “लिही,” ताशेवाला म्हणाला, “गोलकीपरनं डावी बाजू समोरच्यांना विकली.”

मी म्हणालो, विकली नको.

“मग काय, दान केली?”

पुन्हा सगळे हसले. मी ‘गोलकीपरनं डावी बाजू उघडी टाकली’ असं लिहिलं. त्यांच्यापेक्षा सौम्य लिहिलं म्हणून मनाला समजावलं. अजिबात लिहिलं नसतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, असंही समजावलं. खोलीवर गेलो तेव्हा तो फोन डोळ्यांपासून उजवीकडं धरून तेच वाचत होता. “चांगलं लिहिलंस,” म्हणाला. “शुद्धलेखन बरोबर हाय.”

त्यानंतर मी रोज सकाळी त्याला विचारायचो, किती सरकलं. तो उजवा डोळा मिटून तळहात डाव्या डोळ्यासमोर धरून दाखवायचा. आधी करंगळी दिसत नव्हती. मग तिच्या शेजारचं बोट गेलं. एका सकाळी त्यानं हात धरला आणि लगेच खाली घेतला. मी विचारलं नाही. खोलीच्या खिडकीतून मैदान दिसायचं, आणि तिकडं कुणी काठीनं चेंडू मारला की दोघंही बोलायचं थांबायचो.

चाचणीच्या चार दिवस आधी चाचांनी मला दुकानाच्या बाजूनं जाताना हाक मारली. स्टूल दिलं. हातातलं ग्रीस पुसत म्हणाले, “तू उसके कमरे में रहता है ना?”

“हो चाचा.”

“मैंने पैंतालीस साल हॉकी देखी है. जो आलसी होता है वो देर से हिलता है, पर हिलता है. वो तो हिलता ही नहीं.” मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “उसकी आँख ठीक है?”

इथं मला थांबावंसं वाटतं. त्यांच्या दुकानासमोरून ऑटो जात होते. एका गिऱ्हाईकानं ब्रेकची वायर मागितली आणि चाचांनी त्याला हातानंच थांबवलं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. शहरातल्या एका मोठ्या माणसानं मला, मला, खरं काय ते विचारलं होतं. त्यांनी सरांना एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत तो डॉक्टरसमोर बसला असता.

मी म्हणालो, “हाव चाचा. ठीक हाय.”

 चाचांनी गिऱ्हाईकाला वायर काढून दिली.

चाचणीला मी लातूरला गेलो नाही, त्या दिवशी माझी तोंडी परीक्षा होती. भिंतीवरचं कुणीच गेलं नाही, कारण चाचणीला बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. दुपारी त्याचा फोन आला. मैदान एकदम शांत होतं, म्हणाला. झाडावरची पाखरं ऐकू येत होती. त्यांनी अठरा चेंडू मारले, त्यातला एकच आत गेला. निवड झाली.

ग्रुपवर काय झालं ते काय सांगू. ताशेवाल्यानं पेढे आणले, हॉस्टेलच्या दारात ताशा वाजवला आणि म्हणाला, “आम्ही शिव्या दिल्या म्हणून जागा झाला.” त्या दिवशीचं भिंतीचं म्हणणं मी कुणालाही न विचारता लिहिलं, भरभरून. आपण गप्प राहिलो ते बरोबरच होतं, असं मला पहिल्यांदा वाटलं. पेढा खाताना चाचा तेवढे माझ्याकडं एकदा बघून गेले.

तो शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी घरी गेला, आईला घेऊन हैदराबादला डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. मी दिवाळीच्या सुट्टीला निघालो. निलंग्याच्या बसस्टँडवर गावाकडच्या गाडीची वाट बघत होतो, दुपारचे दोन वाजले असतील, तेव्हा त्याच्या आईचा फोन आला.

“बाळा, एक खरं सांगशील का?” तिचा आवाज रविवारचा नव्हता. “डाक्टर सारखं इचारून राहिलेत, कवापासून हाय म्हनून. ह्यो म्हनतो चार दिस झाले. त्येंना पटंना. तुमी एका खोलीत ऱ्हाता. तुला कदी काई बोलला का रे?”

समोर एक एसटी लागत होती आणि माणसं खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होती. ती माझी गाडी होती. मी उठलो नाही.

“श्रावणापासून,” मी म्हणालो. “मला गणपतीनंतर कळलं.”

 ती रागावली नाही. फोन चालूच राहिला. तिकडं कुणाचीतरी चप्पल फरशीवर वाजली, दार उघडलं, ती कुणालातरी माझा शब्द जसाच्या तसा सांगत होती, श्रावणापासून, आणि एक पुरुषी आवाज सावकाश हिंदीत काही समजावत होता. मला तुटक ऐकू आलं. पडदा. देर. पहले लाते तो. गाडी निघून गेली.

मग फोन त्यानं घेतला.

“सांगितलंस व्हय,” म्हणाला.  “बरं केलंस. आता ग्रुपवर तूच टाक. माझ्याच्यानं टाइप होत न्हाई. डावा डोळा गेला म्हणून टाक. परत यायचा न्हाई म्हणाले.”