पाचवाल्याचा सहावा चेंडू

भवानी पेठेत आमच्या कारखान्यासमोर चहाची टपरी आहे. उन्हाळ्यात क्रिकेटचे मोठे सामने सुरू झाले की तिथं बिस्किटांच्या बरणीला मोबाइल टेकवून ठेवतात आणि दरवर्षी तोच वाद पेटतो. एका ओव्हरमध्ये सहा छक्के आता कोण मारणार? कुणी म्हणतं, तो डावखुरा सलामीवीर, पहिल्या चेंडूपासून त्याला दयामाया नसते. कुणी म्हणतं, तो परदेशी आडदांड, त्याचे दंड आपल्या मांडीएवढे आहेत. जगात मोजक्याच लोकांना जमलेली गोष्ट, पण आमच्या टपरीवर ती रोज चार-पाच जण करून दाखवतात.

मी सगळं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, दंड काय बघता? पाच मारणारे पुष्कळ निघतील. पाच झाल्यावर सगळं मैदान उभं राहतं, तेव्हा ज्याचं डोकं जागेवर राहतं त्याचं नाव घ्या. माझं हे ज्ञान फुकटचं नाही. मी बोलर होतो आणि ती ओव्हर माझी होती.

मी टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. अकलूजकडच्या उसाच्या रानातून इथं आलो तेव्हा आठ दिवस माझ्या कानात नुसती खटखट होती. शेडमध्ये सगळे माग एकदम चालतात, तिथं घसा फोडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून आम्ही आवाज न काढता बोलतो. तोंड मोठं उघडून एकेक शब्द ओठांनी सांगायचा, समोरच्यानं ओठ बघून समजून घ्यायचं. आणि समजलं हे कळावं म्हणून त्यानं तोच शब्द ओठांनी परत म्हणायचा. ही शेडची शिस्त आहे. लांबच्या टोकाचा माणूससुद्धा मला जेवायला हाक मारतो आणि मी 'जेवायला' असं परत म्हणतो. वर्षं गेली की हे अंगात भिनतं. माझी बायको म्हणते, तुमी झोपेतबी ओठ हलवता.

ही विद्या मी क्रिकेटला लावली. आमचा विकेटकीपर माझ्या शेजारच्या मागावरचा. पुढचा चेंडू कसा टाकणार हे मी रनअपच्या टोकावरून त्याला ओठांनी सांगायचो. बोटांच्या खुणा सगळ्यांना कळतात, आमचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. मार्केटमधल्या दुकानदारांची टीम, मोबाइलवाल्यांची टीम, सगळ्यांना आम्ही असं गुंडाळलं आणि पेठेतल्या टेनिस बॉल स्पर्धेच्या फायनलला पोचलो. स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश होतो.

फायनल दुसऱ्या एका टॉवेल कारखान्याशी होती. त्यांच्याकडे अण्णा होते. अण्णा म्हणजे मागांचे जॉबर, माग दुरुस्त करणारे, बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. वय पंचेचाळिशीच्या पुढं, उजव्या गुडघ्याला पट्टा. पण साऱ्या पेठेत त्यांना 'पाचवाले' म्हणत. तरुणपणी त्यांनी एका ओव्हरला पाच छक्के मारले होते आणि सहाव्या चेंडूला सीमेवर झेल गेला होता. पाच ही काय लाजायची गोष्ट आहे का? पण लोक मोठे बेरकी. लग्नात पाच जिलब्या वाढून म्हणायचे, अण्णा, सहावी तुमाला पचत न्हाय. अण्णा हसायचे. त्यांची बायको मात्र हसायची नाही, हे मी स्वतः पाहिलंय. डॉक्टरनं गुडघ्यापायी खेळ बंद करायला सांगितला होता, त्यामुळे हा त्यांचा शेवटचा सामना आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटून दुसरी ओव्हर माझ्याकडे आली. समोर अण्णा.

पहिल्या चेंडूला मी कीपरला सांगितलं, 'हळू'. हळूच टाकला. अण्णा जणू त्याची वाटच बघत होते. चेंडू लिंबाच्या झाडावरून गेला. दुसऱ्याला 'यॉर्कर' म्हणालो, तर ते आधीच क्रीजमध्ये मागं सरकून उभे. तिसरा आखूड, चौथा बाहेर. मी काहीही टाकावं आणि त्यांचा पाय तिथं आधीच पोचलेला असावा. टेनिस बॉल उडतो, हे मान्य. पण एवढा? चौथ्या छक्क्यानंतर माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा माणूस माझ्या मनात शिरून बसलाय, असं वाटायला लागलं.

पाचव्या वेळी मी 'यॉर्कर' म्हणालो, पळायला लागलो आणि तेव्हा मला दिसलं. अण्णांचे ओठ हलले. 'यॉर्कर.' शेडच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी माझा शब्द मला परत दिला.

मी थांबू शकलो नाही. चेंडू सुटला आणि मैदानाबाहेर गेला.

काय म्हणावं माझ्या अकलेला! आवाज काढला नाही म्हणजे कुणाला ऐकू गेलं नाही, एवढंच माझं गणित. समोरचा माणूस जन्मभर त्याच खटखटीत उभा राहिलाय, हे डोक्यातच आलं नाही. कीपरला सांगताना मी पाचही वेळा अण्णांनाच सांगत होतो. मी त्यांच्याकडे बघितलं. तेही माझ्याकडेच बघत होते. आपले ओठ हलले हे त्यांना कळलं होतं, आणि मला दिसलं हेही.

मैदानात लोक उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, "पाचवालं, पाचवर थांबू नगा!" अण्णांची बायको डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून उभी होती. पुन्हा 'पाचवाले' हे नाव घेऊन हा माणूस घरी जाणार की नाही, हे आता माझ्या हातात होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली नाही. मला स्वतःची लाज वाचवायची होती. मी रनअपच्या टोकाला गेलो, तोंड चांगलं उघडून कीपरला म्हणालो, 'हळू. बाहेर.' आणि मनात ठरवलं, पायावर जोरात यॉर्कर.

अण्णा तेव्हा खाली मान घालून बॅटनं जमीन ठोकत होते. मला वाटलं, टोपीखालून बघतायत.

मी आयुष्यात टाकलेला तो सगळ्यात चांगला चेंडू होता. बरोबर बुटाच्या टोकाला जाणारा, वेगवान. हळू, बाहेर पडणाऱ्या चेंडूसाठी तयार असलेला माणूस त्यावर आडवा झाला असता. अण्णांनी फक्त पट्ट्याचा पाय बाजूला घेतला. बॅट खालून आली, आवाज फार झाला नाही. चेंडू माझ्या डोक्यावरून सरळ वर चढला आणि मी मान मागं टाकून बघत राहिलो. मला चिडायचं सुचलं नाही. इतकं सुंदर काही घडायला मी कारण झालो, या विचारानं अंगावर काटा आला. चेंडू पलीकडच्या पत्र्यावर पडला तेव्हा कुठं लोकांना कंठ फुटला. माझीच टीम टाळ्या वाजवत होती. मीपण वाजवल्या.

मग हलगी सुरू झाली. लोकांनी अण्णांना खांद्यावर घेतलं, फिरवलं, उतरवलं. त्यांच्या बायकोनं पुढं येऊन भरल्या डोळ्यांनी त्यांची टोपी सरळ केली. मी लांबच उभा होतो. अण्णा लंगडत माझ्यापाशी आले. हलगी एवढी जोरात होती की बोलणं शक्यच नव्हतं. मग ते आमच्या शेडच्या भाषेत बोलले, आवाज न काढता.

'पाच तुझं बगून मारलं. तू सांगत गेलास, मी मारत गेलो.'

'आणि सहावा?' मी ओठांनीच विचारलं.

'सहाव्याला मान खाली घातली. तुझ्याकडं बगितलंच न्हाय. येक तरी माझा असावा म्हनलं.'

सारी उमर ज्या एका चेंडूसाठी थट्टा सोसली, तोच चेंडू या माणसानं डोळे असून आंधळ्यासारखा घेतला होता.

त्यांनी विचारलं, 'काय म्हनला हुतास सहाव्याला?'

गप्प बसता आलं असतं. पण त्या माणसापुढं दुसऱ्यांदा लबाडी करायला माझं तोंडच उघडेना. मी खरं ते सांगितलं. 'खोटं बोललो, अण्णा. हळू म्हनलो आन् यॉर्कर टाकला.'

'यॉर्कर टाकला,' असं त्यांचे ओठ परत म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी बायकोकडे बघितलं, ती कुणाकुणाला पेढे देत होती. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

'बगितलं असतं,' ते म्हणाले, 'तर गेलो हुतो की रं.'