गाडी दिसली की पुढे जायचं

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी शिकारीचा परवाना काढला. कारण साधं होतं. जन्मभर दर रविवारी कोंबडी नाहीतर मटण खाल्लं, पण मारायचं काम कायम दुसऱ्याने केलं. एकदा तरी ते आपण करून बघावं, एवढंच. सुरक्षिततेचा कोर्स केला, परीक्षा दिली, एक वापरलेली छऱ्यांची बंदूक घेतली. इथे परदेशात आम्ही राहतो त्या बॉथेलहून दोन तास गाडी चालवली की डोंगरात सरकारी जंगल लागतं. परवाना असला की तिथे कुणालाही शिकार करता येते, जमीनमालकाच्या पाया पडावं लागत नाही. मला हवा होता ग्राउझ. तित्तिरापेक्षा मोठा, कोंबडीपेक्षा लहान असा पक्षी.

पहिले पाच शनिवार मी हात हलवत परत आले. सहावा शेवटचा होता, कारण सोमवारपासून ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरच्या रिलीजची धावपळ सुरू होणार होती आणि मग हंगाम संपेपर्यंत सुट्टी नव्हती. नवरा दर शुक्रवारी विचारायचा, "उद्यासाठी फ्रीजरमधली कोंबडी काढून ठेवू ना?" या वेळीही विचारलंच.

सोबतीला गल्लीतली मैत्रीण असायची. मूळची नागपूरची. बंदुकीला हात लावत नाही, पण चालायला कायम तयार. जंगलात लाकूडतोडीचे जुने कच्चे रस्ते आहेत. त्यांच्या तोंडाशी लोखंडी फाटक असतं, तिथे गाडी लावून आत चालत जायचं. आम्ही दर वेळी दुसरी एखादी गाडी उभी असेल असंच फाटक निवडायचो.

"लोक आलेत म्हणजे इथे काहीतरी असणार," मैत्रीण म्हणायची. "आणि पाय मुरगळला तर हाकेला कुणी तर पाहिजे ना यार."

मलाही ते पटायचं. अनोळखी गावात आपण गर्दी असलेल्याच हॉटेलात जेवतो, तसंच हे.

त्या शनिवारी उजाडताना आम्ही एका जुन्या ट्रकला खेटून गाडी लावली. आत सत्तरीचे एक गृहस्थ कॉफी पीत होते. मी हसून गुड मॉर्निंग केलं. त्यांनी काच खाली केली.

"तुम्ही मागच्या शनिवारीही माझ्या मागे होतात," ते म्हणाले. "त्याच्या आधीच्याही."

"हो का? छान योग आहे," मी म्हणाले.

"माझ्यासाठी नाही." मग त्यांनी शांतपणे समजावलं. ज्या फाटकाशी गाडी उभी आहे ते फाटक त्या सकाळपुरतं त्या माणसाचं. लेखी नियम नाही, रीत आहे. गाडी दिसली की पुढे जायचं. "आणि मी ज्या रस्त्याने चालून गेलोय, तिथले पक्षी तुमच्यासाठी थांबणार आहेत का?"

पाच शनिवार मी दुसऱ्यांनी उठवून लावलेल्या जंगलात फिरत होते. प्रोजेक्टचं वेळापत्रक आखून पोट भरणाऱ्या बाईला हे सुचू नये! मी माफी मागितली. आम्ही निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली: वीस पावलं चाला, मग मिनिटभर गप्प उभ्या राहा. चालणाऱ्या माणसाला तो पक्षी घाबरत नाही, थांबलेल्याला घाबरून उडतो, आणि तेव्हाच दिसतो.

तीन मैल पुढचं फाटक रिकामं होतं. मैत्रीण गाडीतून उतरेना.

"इथे चिटपाखरू नाही."

"चिटपाखरूच तर मारायचंय. चल."

"अस्वल आलं तर?"

"माझ्याकडे बंदूक आहे."

"त्यात बारीक छरे आहेत, तूच सांगितलंस. त्याला गुदगुल्या होतील."

शेवटी ती आली, माझ्या बरोबर मागे, तोंड मिटून. वीस पावलं, एक मिनिट. वीस पावलं, एक मिनिट. पाऊण तास तिने एक शब्द काढला नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

एका वळणावर थांबलो असताना डावीकडच्या नेच्यांच्या झाडोऱ्यातून पक्षी फडफडाट करत उठला. मैत्रीण मागे आहे, समोर मोकळा उतार आहे, हे बघून मी चाप ओढला. तो पडला. शोधायला पाच मिनिटं लागली. हातात घेतला तेव्हा उबदार होता आणि वाटला होता त्यापेक्षा हलका. तिथेच साफ केला. गळ्याच्या पिशवीत क्लोव्हर नावाच्या गवताची पानं आणि लाल बोरं निघाली. सकाळी चांगलं खाल्लं होतं त्याने.

"आता बोलू का?" मैत्रिणीने विचारलं.

"बोल."

"मी शनिवारी नॉनव्हेज खात नाही. आज शिजवलास तर बघ!"

म्हणून तो रात्रभर मीठ लावून फ्रीजमध्ये राहिला. रविवारी दुपारी ती ज्वारीच्या भाकऱ्या घेऊन आली. आलं-लसूण, काळा मसाला, फार काही घातलं नाही. तिघांत एक पक्षी, म्हणजे प्रत्येकाला चार घास. नवऱ्याने पहिला घास सावकाश चावला.

"थोडा चिवट आहे," तो म्हणाला आणि भांड्यातला रस्सा स्वतःच्या ताटात ओढून घेतला.