रुंद पडवी

स्वराज्य येऊन सातआठ वर्षं झाली होती. इंदापूर तालुक्यातल्या एका गावी नवी शाळा बांधायला मी ओव्हरसियर म्हणून होतो. एक म्हातारे गृहस्थ रोज बांधकामावर यायचे. धोतराच्या सोग्यानं दगड झटकून बसायचे, गवंड्यांना स्वतःच्या हातानं पाणी पाजायचे. आवाज कधी चढला नाही.

आराखड्यात मोठ्या खिडक्या होत्या, मुलांना गोल बसून शिकता येईल अशी ऐसपैस खोली होती. म्हाताऱ्यांचं लक्ष मात्र पडवीवर.

“पडवी चांगली रुंद घ्या, सायेब. पावसाची झड आत याय नको.”

पडवीची फरशीसुद्धा त्यांनी लासुर्ण्याहून स्वतःच्या बैलगाडीनं आणली. वर्ग पडवीतही भरवायचा, हे उघड्या हवेतलं नवं शिक्षण या अंगठेबहाद्दराला कळलं, म्हणून मी हरखलो.

शेवटची फरशी बसली तेव्हा ती अनवाणी पायानं चाचपत ते म्हणाले, “बरं झालं. गावकुसाभाईरची पोरं आता भिजायची न्हाईत.”

“आबा, ती आत बसतील. कायदाच आहे तसा.”

वेड्या पोराकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं मायेनं बघितलं. “आत कशाला? इतकी चांगली जागा केलीया की त्यास्नी.”

शाळा भरली त्या दिवशी पाऊस होता. ती पोरं आली आणि कुणी काही न सांगता पडवीत बसली. एकाच्याही अंगावर थेंब उडाला नाही.